स्कोप घराण्यातला बिनडोळ्यांचा भाऊ

मित्रांनो, डॉक्टरांच्या गळ्यात एक नळी लोंबत असते, ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. तिची गार चकती छातीला टेकली की तुम्ही अंग चोरता, हेही मला ठाऊक आहे. त्या जातीतला मी एक जुना जीव. माझे नाव स्टेथोस्कोप. नाव मोठे आहे, काम साधे आहे. तुमच्या आत जे चालले आहे ते मी डॉक्टरांच्या कानापर्यंत नेतो. मला स्वतःला बोलता येत नाही. आज बोलतो आहे ते तुम्ही थांबून ऐकता आहात म्हणून.

माझा जन्म एका लांबट कारखान्यात झाला. एका टोकाला स्टीलच्या नळ्या वाकवत, मधल्या बाकांवर चकतीला पातळ पडदा बसवत, आणि शेवटच्या खिडकीपाशी एक बाई बसे. तयार झालेला प्रत्येक नग कानाला लावायचा आणि चकती आपल्याच छातीवर ठेवायची, एवढेच तिचे काम. दिवसभर ती स्वतःचे काळीज ऐके. कोणी विचारले, "काय बाई, कसं चाललंय आज?" तर म्हणे, "चाललंय, म्हणून तर कामावर आलेय." मी जगात पहिल्यांदा जे ऐकले ते तिचे काळीज. तिने मान हलवली आणि मला डब्यात गुंडाळून ठेवले.

दुकानाच्या फळीवरून मला एका बाईने उचलले. ती मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी धुण्याचे काम करी. गरम पाण्याने तिचे हात लाल आणि सुरकुतलेले होते. आईवडील लवकर गेल्यावर धाकट्या भावाला तिनेच वाढवले, शिकवले. त्यापायी स्वतः मात्र शाळेचा उंबरा चढली नाही.

"धाकटा डॉक्टर झालाय," ती दुकानदाराला म्हणाली. "त्याच्या गळ्यात घालायला हवंय."

"हार का? हार पलीकडच्या दुकानात."

"थट्टा करू नका हो. ते ऐकायचं असतं ना, ते."

दुकानदाराने हसत मला तिच्या कानात घातले आणि चकती तिच्या पदराजवळ टेकवली. ती दचकली. "हे माझंच का?"

"मग काय माझं?"

"एवढं जोरात चालतं आत? आणि वरून काही पत्ता लागत नाही!" ती बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने डब्यावरच्या माझ्या नावावरून अंगठा फिरवला. ती इंग्रजी अक्षरे तिला दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसली असणार, एकाची बाही वर, एकाची खाली. तिने दुकानदाराला विचारले, "काय लिहिलंय?" दुकानदाराने नाव वाचून दाखवले. तिने ते एकदा पुटपुटून पाहिले आणि जीभ अडखळली म्हणून सोडून दिले.

असा मी धाकट्याच्या गळ्यात आलो. त्या दिवसापासून तो डॉक्टर आणि मी त्याचे कान.

आमचा दवाखाना म्हणजे रस्त्याला लागून असलेल्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाक, आतल्या खोलीत हिरवा पडदा, वजनकाटा, हात धुवायचे बेसिन आणि अर्ध्यापर्यंत पांढरा रंग दिलेली खिडकी. त्या खिडकीच्या बाजूला पितळेची एक खुंटी होती. ती माझी जागा. दवाखाना बंद करताना डॉक्टर माझी कानात घालायची बोंडे स्पिरिटच्या बोळ्याने पुसत, पोकळीत फुंकर घालत आणि मला खुंटीवर सरळ लोंबवत. "कामाची वस्तू खुंटीवर," हा ताईंचाच नियम. ताई म्हणजे ती लाँड्रीतली बहीण. धाकटा तिला ताई म्हणे, म्हणून सगळी पेठच तिला ताई म्हणू लागली.

डॉक्टरांची एक रीत होती. कुणाच्याही छातीला लावण्याआधी ते मला तळहातात धरून ऊब देत. लहान मूल असेल तर आधी मला त्याच्या कानात घालून त्याचेच काळीज त्याला ऐकवत. रडणारे मूल गप्प होई आणि डोळे मोठे करून विचारी, "आत कोण आहे?" डॉक्टर म्हणत, "तूच आहेस. दार वाजवतोयस." मग कोटाच्या खिशातून पेपरमिंटची गुलाबी गोळी निघे. मोठी माणसेही जाताना म्हणत, "डॉक्टर, तुमची नळी लागली की निम्मं बरं वाटतं." ते ऐकून मी फुशारून जात असे. का खोटे बोलू?

आमच्या खास पेशंटांपैकी एक होती शिवणकाम करणारी एक बाई. शाळकरी पोर असताना धाप लागते म्हणून आईने तिला आणले होते. तेव्हा माझ्यातून डॉक्टरांनी तिच्या काळजात एक जास्तीचा आवाज पकडला. दोन ठोक्यांच्या मध्ये बारीक 'फुस्स', जणू कुणी दाराच्या फटीतून श्वास सोडते आहे. काळजातली एक झडप नीट मिटत नव्हती. ऑपरेशन करण्याइतके ते मोठे नव्हते आणि विसरून जाण्याइतके लहानही नव्हते. रोजची गोळी, जड उचलायचे नाही आणि ऋतू बदलला की इथे येऊन ऐकवून जायचे, असे ठरले. डॉक्टर त्या फुसफुशीला तिची 'कुरकुर' म्हणत. पोर मोठी झाली, शिवणयंत्र घेऊन बसली, पण येणे चुकले नाही. "आली का माझी कुरकुर?" म्हणत ती पडद्याआड शिरे.

मग एकदा दवाखान्याला रंग दिला. रंगाऱ्याने खुंटी काढून खिडकीत ठेवली. रंग वाळला, भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या, पण खुंटी परत ठोकायची राहून गेली. "उद्या ठोकू" म्हणता म्हणता ती बेसिनखालच्या डब्यात गेली. मला डॉक्टर कोटाच्या खिशात घालू लागले, त्याच गोळ्यांच्या खिशात. आधी मला गंमत वाटली. मऊ जागा, गोड वास. पण त्या खिशात गोळ्यांचा भुगा असे, कापसाचे तंतू असत, कोटाचे सूत असे. रोज खिशात उतरताना त्यातले थोडे माझ्या बोंडांत शिरे, वर चढताना आणखी थोडे. वर कानातला मळ, त्याला चिकटलेली साखर. खुंटी गेली तशी पुसण्याची सवयही गेली. ज्या हाताला पुसून टांगायची सवय होती, त्या हाताला आता टांगायचेच नव्हते. माझा घसा हळूहळू दाटत चालला आणि ते सांगायला माझ्याजवळ आवाज नव्हता.

इकडे ताईंची लाँड्रीतली नोकरी संपली. केस पांढरे झाल्यावर त्यांनी पाटी धरली. आधी आपली अक्षरे शिकल्या. बसची पाटी वाचता आली त्या दिवशी उतरायचे सोडून पुढच्या थांब्याची पाटी वाचायला म्हणून बसूनच राहिल्या. मग इंग्रजी अक्षरांच्या मागे लागल्या. सकाळी दवाखान्यात येऊन पेशंटांना हाका मारायच्या आणि दुपारी शेवटचा पेशंट गेला की चहाचा कप हातात घेऊन कपाटातल्या डब्यांवरची नावे लावत बसायचे, हा त्यांचा नेम झाला.

त्यांची वाचायची तऱ्हा वेगळी होती. त्या शब्दाचे शेवट आधी पाहत.

"उलटं काय वाचतेस ताई?" डॉक्टर हसले.

"उलटं नाही रे. लाँड्रीत चादर हातात आली की आम्ही आधी कोपरा बघायचो. कुठल्या वॉर्डची ते कोपऱ्यावर लिहिलेलं असतं. कोपरा कळला की चादर कुणाची ते कळलं." त्यांनी कपाटातले डबे ओढून टेबलावर मांडले. "आता हे बघ. हा मायक्रोस्कोप. हा कान बघायच्या दिव्याचा, ओटोस्कोप. आणि हा तुझ्या नळीचा. तिन्ही एकाच वॉर्डचे."

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. इतकी वर्षे ही नावे ते घेत होते, पण असे कुणी ओळीने मांडून दाखवले नव्हते.

"बरोबर आहे तुझं. ग्रीक लोकांचा शब्द आहे तो, फार जुना. पाहणं, न्याहाळणं, नजर ठेवणं. शेवटाला तो जोडायचा आणि पुढे काय पाहायचं ते लावायचं, की झालं नाव तयार. मायक्रो म्हणजे बारीक. बारीक ते पाहतो तो मायक्रोस्कोप."

"म्हणजे आपला सूक्ष्मदर्शक. आपल्याकडे कोपऱ्यावर 'दर्शक' लिहितात, त्यांच्याकडे 'स्कोप'."

"अगदी तसंच. टेली म्हणजे लांब."

"लांबचं बघतो तो टेलिस्कोप. दुर्बीण!" ताई टाळी वाजवून म्हणाल्या. "म्हणून टेलिफोनलाही टेली. आणि ओटो?"

"ओटो म्हणजे कान." त्यांनी कान पाहायचे यंत्र डब्यातून काढले, दिवा लावला आणि ताईंच्या हातात देऊन आपला कान पुढे केला. "बघ. आत करडा पडदा दिसतो का, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा?"

"अगंबाई! चमकतोय की!" ताईंनी आधी एक कान पाहिला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. "लहानपणी पिरगाळला होता तो हाच ना रे?"

त्या दुपारपासून त्यांना नादच लागला. पाणबुडीची गोष्ट वाचताना त्यांना पेरिस्कोप भेटला. पेरी म्हणजे सभोवार. पाण्याखालून डोके वर काढून चहूकडे पाहणारी नळी. एका लहान पेशंटच्या हातात रंगीत काचांची नळी दिसली, तिचे नाव कॅलिडोस्कोप. त्यात 'सुंदर' आणि 'आकार' असे दोन ग्रीक शब्द दडलेले आहेत असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा ताईंनी ती नळी त्या पोराकडून मागून घेतली आणि पुढच्या पेशंटला हाक मारायला विसरल्या. वर्तमानपत्रातल्या भविष्याच्या चौकोनावर हॉरोस्कोप होता.

"त्यातला पुढचा भाग म्हणजे वेळ," डॉक्टर म्हणाले. "जन्माची वेळ पाहणारा. ग्रीक लोक वेळेला होरा म्हणत."

"होरा? हा तर आपला शब्द. 'माझा होरा चुकला' म्हणतो ना आपण?"

"तोही तिकडूनच आलेला आहे ताई, फार पूर्वी. इतका मुरला की आपलाच वाटतो."

मग एक दिवस ताईंनी टेबलावर पडलेल्या माझ्याकडे बोट दाखवले. "आणि ह्याचं काय? ह्याच्या नावात छाती असेल, पण हा बघतो कुठे? ना काच, ना भिंग, ना दिवा. सगळ्या घराण्यात हाच एक बिनडोळ्यांचा."

मला ते लागले. मी गप्प होतो, पण लागले.

"छातीच आहे त्याच्या नावात, स्टेथो," डॉक्टर म्हणाले. "हा ज्याने बनवला त्या डॉक्टरापुढे एक बाई पेशंट होती. थेट छातीला कान लावायचा संकोच वाटला, म्हणून त्याने कागदाची सुरळी केली आणि तिच्यातून ऐकलं. आवाज उलट जास्तच स्वच्छ आला. पुढे त्याने लाकडी नळी केली आणि नाव ठेवलं, छाती पाहणारा. आता 'ऐकणारा' का नाही म्हटलं, ते त्यालाच ठाऊक."

ताईंनी जरा विचार केला. "त्यात काय न कळण्यासारखं आहे? आपण नाही का म्हणत, चाखून बघ, हात लावून बघ, ऐकून बघ? बघणं काय एकट्या डोळ्यांचं काम आहे?"

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्या नावात नीट मावलो.

पण घसा दाटतच होता. आधी बारीक आवाज अडले, मग मधले. डॉक्टर भुवया आक्रसून ऐकू लागले, "खोल श्वास घ्या, अजून खोल" असे पुन्हा पुन्हा सांगू लागले. अशात ऋतू बदलला आणि शिवणकामवाली आली.

डॉक्टरांनी मला तळहातात ऊब दिली आणि तिच्या छातीला लावले. मी जीव तोडून ती फुसफुस वर ढकलली. माझ्या चकतीला ती लख्ख कळत होती. पण वर, बोंडांच्या तोंडाशी, गुलाबी भुग्याचा आणि सुताचा बूच बसला होता. डॉक्टरांच्या कानापर्यंत पोचली ती नुसती दबकी धकधक.

त्यांचा चेहरा उजळला. "अगं पोरी, आज छाती अगदी शांत आहे!"

"खरंच? कुरकुर गेली?" ती उठून बसली. "मग गोळी बंद करू? मोठ्या हॉटेलचे पडदे शिवायचं काम आलंय डॉक्टर. गठ्ठे उचलायचे असतात म्हणून नाही म्हणणार होते."

"थांब, थांब. लगेच काही करू नकोस. शनिवारी ये, पुन्हा ऐकतो, मग सांगतो."

पण तिने त्यातले पहिले वाक्यच ऐकले होते. पायऱ्या ती मुलीसारखी उतरली.

ती गेल्यावर डॉक्टर खुर्चीत बसून राहिले. आनंद ओसरला आणि त्यांच्यातला डॉक्टर जागा झाला. इतक्या वर्षांची सैल झडप आपली आपण मिटेल कशी? त्यांनी मला स्वतःच्या छातीवर ठेवले. फार लांबून, रजईआडून यावी तशी धकधक आली.

"ताई," ते म्हणाले, "माझे कान गेले."

"काहीतरीच! मी बोलतेय ते ऐकू येतंय ना?"

"माणसाचं बोलणं येतं. म्हातारपणी आधी बारीक आवाज जातात. आजोबांचं असंच झालं होतं, आधी घड्याळाची टिकटिक गेली." त्यांनी मला टेबलावर ठेवले. "ज्याला कुरकुर ऐकू येत नाही, त्याने लोकांच्या छातीला हात लावू नये."

"मग दुसरी नळी आणून घालून बघ की."

डॉक्टरांनी मला टेबलावर आणखी दूर सरकवले. "आणि तिच्यातूनही आलं नाही तर?"

 मला कळत होते की डॉक्टरांना खात्री करून घ्यायचीच भीती वाटते. मी ओरडत होतो, 'माझ्याकडे बघा!' पण माझा आवाज म्हणजे दुसऱ्याच्या काळजाचा आवाज. माझा स्वतःचा असा काही नाही.

शेजारच्या औषधाच्या दुकानदाराला केव्हापासून जागा वाढवायची होती. दवाखाना बंद करतोय, खोल्या घे, असा डॉक्टरांनी त्याला निरोप धाडला. शुक्रवारी दुपारी तो टेप घेऊन आला आणि भिंती मोजू लागला.

"बरं केलंत डॉक्टर," तो म्हणाला. "एकट्या डॉक्टरच्या दवाखान्याला आता स्कोप राहिला नाही. सगळे मोठ्या इस्पितळात जातात."

"इथेही स्कोप?" ताईंनी कान टवकारले. "हाही त्याच वॉर्डचा का रे?"

डॉक्टरांचा आवाज थकलेला होता, तरी त्यांनी सांगितले. "त्याच घराण्यातला. तिरंदाज ज्यावर नजर ठेवतो ते लक्ष्य. पुढे वाव, संधी असा अर्थ आला."

"टेपचं टोक धरता का ताई जरा?" दुकानदार म्हणाला. मग सहज बोलता बोलता म्हणाला, "तुमच्या शिवणकामवालीने तर गोळ्याच घ्यायच्या सोडल्या. परवा आली ती नुसती सांगायला. म्हणाली, डॉक्टर म्हणाले छाती शांत आहे. पडद्यांचे गठ्ठे घेऊन जिना चढताना पाहिली मी तिला. जोरात आहे स्वारी!"

टेपचे टोक ताईंच्या हातातून सुटले आणि सुर्रकन दुकानदाराच्या बोटांवर जाऊन आपटले.

डॉक्टर उभे राहिले. त्यांचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला होता. आतापर्यंत प्रश्न त्यांच्या कानांचा होता. आता तो तिच्या काळजाचा झाला. भीती बाळगायला जागाच उरली नाही.

"ताई, तो दिव्याचा डबा काढ. माझे कान बघ. आत्ता."

ताईंनी कान पाहायचे यंत्र लावले. वाकून एका कानात पाहिले, दुसऱ्या कानात पाहिले. दुकानदार बोट चोखत उभा होता.

"करडा पडदा, शिंपल्यासारखा. दोन्हीकडे. मळ म्हणशील तर नावाला नाही. कान लख्ख आहेत तुझे."

डॉक्टरांनी डोळे मिटले. "म्हणजे दोष मागच्या नसेत आहे. मग इलाज नाही."

ताई तशाच उभ्या राहिल्या. यंत्राचा दिवा त्यांच्या हातात जळत होता. मी टेबलाच्या कडेवरून लोंबत होतो आणि माझी बोंडे नेमकी त्यांच्या समोर आली होती. त्यांना काय वाटले कोण जाणे. हातात दिवा आणि समोर भोक असले की माणूस आत डोकावतोच, म्हणा. त्यांनी माझे एक बोंड चिमटीत धरले आणि यंत्र त्याला लावले.

"धाकट्या."

"काय?"

"ह्याच्या कानात बघ."

"ताई, थट्टा करायची ही वेळ..."

"बघ म्हणते ना! ह्याच्या कानात गुलाबी काय आहे?"

डॉक्टरांनी यंत्र घेतले. एका स्कोपाने दुसऱ्या स्कोपाच्या आत पाहिले. डॉक्टर कितीतरी वेळ डोळा हलवीनात. मग टेबलाचा आधार घेऊन ते हसू लागले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"पेपरमिंट," ते म्हणाले. "अख्ख्या पेठेचे कान बघतो मी. ह्याचे कधी बघितले नाहीत."

"आणि कान गेले म्हणून दुकान आवरायला निघालास! होरा चुकला तुझा, डॉक्टर." ताईंनी दरडावले. पण त्यांचाही आवाज ओला होता.

मग माझी न्हाणी झाली. बोंडे काढून कोमट पाण्यात टाकली, नळ्यांतून बारीक तारेने तो बूच ओढून काढला, स्पिरिटचा बोळा फिरवला. शेवटी डॉक्टरांनी पूर्वीसारखी फुंकर घातली. वारा माझ्यातून आरपार गेला. बोंडे कोरडी करून परत बसवल्यावर डॉक्टरांनी मला कानात घातले आणि ताईंच्या छातीला लावले. डब्यातून निघालो त्या दिवशी दुकानात जे काळीज ऐकले होते तेच होते, थोडे म्हातारे झालेले. डॉक्टरांनी डोळे मिटून मान हलवली.

"चाललंय का?" ताईंनी विचारले.

"चाललंय, आणि चांगलं ठणठणीत चाललंय."

मग ते मला गळ्यात घालून तसेच रस्त्यावर निघाले. दुकानदार मागून ओरडला, "डॉक्टर, मापाचं काय?" ताई म्हणाल्या, "टेप गुंडाळ."

शिवणकामवालीची खोली जिना चढून गेल्यावर होती. खोलीभर जाड पडद्यांचे गठ्ठे रचले होते. यंत्र खडखडत होते आणि ती एका हाताने कापड सरकवत दुसऱ्या हाताने घाम पुसत होती. डॉक्टरांना दारात पाहून ती उठली, तर तेवढ्यानेच तिला धाप लागली.

"यंत्र थांबव, पोरी. बस."

त्यांनी मला तळहातात ऊब दिली. घाईतही ती रीत ते विसरले नाहीत. चकती टेकली. धक, फुस्स, धक. दाराच्या फटीतून सुटणारा तोच ओळखीचा श्वास. मी तो उचलला आणि जसाच्या तसा वर नेऊन पोचवला.

डॉक्टरांनी बोंडे कानातून काढली. "कुरकुर आहे. कुठेही गेलेली नाही. चूक माझी. नळी तुंबली होती आणि मी म्हणालो, छाती शांत आहे."

तिने सुईखालचे पडद्याचे कापड हळूच ओढून काढले. "एवढी चांगली बातमी दिलीत," ती म्हणाली, "आणि एवढा जिना चढून परत घ्यायला आलात."

"हो."

"गोळी?"

"आजपासून पुन्हा. आणि सोमवारी मोठ्या इस्पितळात झडपेचा फोटो काढून घेऊ, मी बरोबर येतो. गठ्ठे तू उचलायचे नाहीत. हॉटेलवाल्याला सांग, आणून टाकायचे आणि घेऊन जायचे काम त्याच्या माणसांचं. नाहीतर मी सांगतो."

तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण ओठ हसू पाहत होते. "मला ऐकवा बरं. लहानपणी ऐकवायचात तसं."

डॉक्टरांनी मला तिच्या कानात घातले. ती ऐकत राहिली. बंद यंत्र, कापडाचा वास, खिडकीबाहेर रस्त्याची वर्दळ. "मला वाटलं होतं, गेली तर बरं," ती हळूच म्हणाली. "पण असून कुणाला ऐकूच गेली नसती, तर?"

सोमवारच्या फोटोत झडप पूर्वी होती तितकीच सैल निघाली, जास्त नाही. गोळी सुटली होती ते दिवस थोडे होते, म्हणून निभावले. पडद्यांचे काम तिने पुरे केले, गठ्ठे मात्र हॉटेलची माणसे वाहत होती. उरलेल्या कापडाची तिने मला एक पट्टी शिवून दिली, नळीला बांधायला. पट्टीच्या कोपऱ्यावर ताईंनी धुतले तरी न जाणाऱ्या शाईने, जीभ दातात धरून, माझे नाव लिहिले. वळण जरा वाकडे आहे, एकाची बाही वर, एकाची खाली. पण ज्या नावाशी त्यांची जीभ दुकानात अडखळली होती, ते आता त्यांच्या हातचे आहे. बेसिनखालच्या डब्यातून खुंटी निघाली आणि तीही त्यांनीच ठोकली. धाकट्याला हातोडीसुद्धा धरू दिली नाही.

मित्रांनो, आमचे घराणे मोठे आहे. कुणी बारीक ते पाहतो, कुणी लांबचे, कुणी पाण्याखालून चहूकडे. आम्ही सगळे दुसऱ्याकडे पाहायला जन्मलो. आमच्याकडे मात्र कुणी पाहिले नाही तर आम्ही बिचारे मुकाट्याने तुंबत जातो, आणि आमच्यावर विसंबलेल्या माणसाला वाटते की त्याचेच काहीतरी बिघडले. तुमच्या घरात, शाळेत, कामावर असे कुणी असेल, वस्तू असो की माणूस, जे रोज सगळ्यांची काळजी घेते आणि स्वतःबद्दल काही बोलत नाही, तर त्याच्याजवळ जरा थांबा आणि आत डोकावून पाहा. खिशात कोंबू नका. त्याची खुंटी त्याला द्या.

आता रोज सकाळी बाकावर पेशंट बसू लागले की ताई आधी आत येतात. कान पाहायचा दिवा लावतात, मला खुंटीवरून उतरवतात, माझे एक बोंड पाहतात, मग दुसरे. "लख्ख," म्हणतात, आणि मला धाकट्याच्या गळ्यात घालतात. मग दाराशी जाऊन पहिल्या पेशंटला हाक मारतात.